एकदाच विचारणारा देश

पुण्यात कुठल्याही लग्नाला गेले की जेवणाच्या पंगतीत कोणीतरी विचारतंच, "तुम्ही तिकडे अमेरिकेत नक्की काय करायचात हो?" मी सांगते, "इंग्रजी शिकवायचे." समोरचा माणूस आधी हसतो, आणि मी गंभीर आहे असं दिसलं की जास्तच हसतो. अमेरिकेत जाऊन इंग्रजी शिकवणं म्हणजे नागपुरात जाऊन संत्री विकण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण मी ते सात वर्षं नुसत्या हौसेनं आणि त्यानंतर पगार घेऊन केलं आहे. संपादकबाईंनी या अंकात पानं दिलीच आहेत, तर एकदाचं सगळं लिहून टाकते. पुढच्या लग्नात अंकच हातात ठेवीन आणि शांतपणे मठ्ठा पिईन.

२००१ साली श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोटारींच्या एका कंपनीनं मिशिगनमध्ये नेलं. आम्ही तिथल्या नोव्हाय नावाच्या गावात राहायला गेलो. माझा व्हिसा बायकोचा. त्या व्हिसावर नवऱ्यासोबत राहायची परवानगी असते, पगार घ्यायची नसते. पुण्यात मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, दिवसभर पोरांवर ओरडायची सवय. तिथं ओरडायला कोणीच नाही! पहिल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या डब्यांना लेबलं लावली, साखरेच्यासुद्धा. श्रीकांत म्हणाला, "वसुधा, आता मला लेबल लावायच्या आत तू घराबाहेर पड." मग मी लायब्ररीत गेले. तिथं दारावर पाटी होती, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवेत.

हा उपक्रम चालवायची डॉना. साठीला टेकलेली, उंच, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. मागच्या सीटवरच्या पोराला आरशात बघून गप्प करायचा तो आवाज निवृत्तीनंतरही तसाच राहिला होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "माझे उच्चार तुमच्यासारखे नाहीत बरं का." ती म्हणाली, "छानच की! माझं बोलणं त्यांना कळतच नाही, तुझं तरी कळेल." झाली माझी मुलाखत. मला ती 'वासू' म्हणायची. माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं नाही ते बरंच झालं.

पहिल्या दिवशी मी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक घेऊन गेले. डॉनानं ते हातातून काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. म्हणाली, "या माणसाला उद्या काय बोलावं लागणार आहे, तेवढंच आज शिकवायचं." हाच आमचा अभ्यासक्रम. उद्या मुलाला ताप असेल तर शाळेत फोन करायला हवा. उद्या दाताच्या डॉक्टरला नेमका कुठला दात दुखतो ते सांगायला हवं. न्हाव्याला 'थोडेच कापा' म्हणता आलं नाही तर महिनाभर टोपी घालून हिंडायची वेळ येते, आणि तसे दोघेजण आमच्याकडे होते. फोनचा सराव आम्ही पाठीला पाठ लावून करायचो. समोरासमोर बसलं की माणूस हात हलवून, डोळे मोठे करून निभावून नेतो. फोनवर हात हलवून काय उपयोग?

दुसरा नियम मला जास्त जड गेला. शिकणाऱ्याच्या वतीनं आपण बोलायचं नाही. काही झालं तरी नाही. यूसुफ नावाचा बगदादचा बेकरीवाला माझ्याकडे यायचा. त्याचा नवा टोस्टर पाव जाळायचा, आणि पाव जळणं हा त्याला खानदानी अपमान वाटायचा. टोस्टर परत द्यायला तो दुकानात गेला, तेव्हा मी शेजारच्या रांगेत टॉवेल चाळत उभी होते आणि जीभ दातांखाली धरून होते. तो अडखळला, घामाघूम झाला, एकदा तर काउंटरवरच्या मुलीला त्यानं अरबीत चांगलंच सुनावलं. पण शेवटी मोठा टोस्टर घेऊन बाहेर आला. माझ्या जिभेवर मात्र दोन दिवस वळ होते.

या धंद्यात एक वाईट गोष्ट आहे, तीही सांगते. माणसं निरोप न घेता जातात. एखाद्या गुरुवारी खुर्ची रिकामी दिसते. नवऱ्याची नोकरी गेली, की दुसऱ्या राज्यात गेली, की मायदेशी परतली, काही कळत नाही. जिला दोन महिने डॉक्टरशी बोलायचा सराव दिला, तिचं ऑपरेशन कसं झालं हे मला अजून माहीत नाही. त्याची रुखरुख आजही लागते.

दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून नुसत्या गप्पा मारायच्या असत. त्या दिवशी डॉना घरून ओटच्या कुकीज करून आणायची. ताटली फिरवताना प्रत्येकाला विचारायची, "घेणार?" यूसुफ छातीवर हात ठेवून नाही म्हणायचा. मिचिको, म्हणजे एका जपानी इंजिनिअरची अतिशय मृदू बोलणारी बायको, मान लववून नाही म्हणायची. ताटली भरलेली यायची आणि जवळजवळ भरलेलीच परत जायची. जवळजवळ अशासाठी, की एक मी घ्यायचे. मी पुण्याची. एकदा विचारलं, एकदा उत्तर दिलं, विषय संपला. "चहा घेणार का?" असं आम्ही विचारतो तेच मुळी समोरचा नाही म्हणेल या आशेनं. त्यामुळे अमेरिका मला पहिल्या दिवसापासून परकी वाटलीच नाही. ही आमची सदाशिव पेठच, फक्त पार्किंग मुबलक!

२००४ च्या उन्हाळ्यात शकुंतलामावशी आल्या आणि या शांत सदाशिव पेठेत नागपूर घुसलं.

साडी, साडीवर सुनेचं निळं जॅकेट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. नागपुरात आयुष्यभर बालवाडी चालवलेली बाई. यजमान गेल्यावर मुलानं, प्रसादनं, ग्रीन कार्ड करून तिकडे आणलेलं. प्रसाद आणि सून केतकी दोघंही आयटीत, नातवंडं शाळेत. "सकाळी सगळे गेले का मंग मी आणि तो डिशवॉशर," मावशी म्हणाल्या. "नातू मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देऊन राहिला. सून चांगली आहे, हीच तं पंचाईत आहे. भांडायचं म्हटलं तरी कारण सापडत नाही."

पहिल्याच गुरुवारी त्यांनी डबा भरून पुडाची वडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली नागपुरी वडी, आणली आणि वाढायला उभ्या राहिल्या. डॉना एक खाऊन तृप्त झाली, "नो, थँक यू" म्हणाली. मावशींनी दुसरी वाढली. आपलं इंग्रजी त्यांना समजलं नाही असं वाटून डॉनानं 'नो' जरा मोठ्यानं म्हटलं. मावशींनी तिसरी वाढली. मग डॉनानं बसच्या आवाजात 'नो' म्हटलं, तेव्हा मावशी माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "लाजून राहिली बिचारी." चौथी वडी पडली. डॉनानं त्या रात्री जेवण केलं नाही, असं नंतर कळलं.

काही आठवडे गेल्यावर मावशींनी मला बाजूला घेतलं. लायब्ररीच्या रस्त्यावरच लहान मुलांचं एक पाळणाघर होतं आणि तिथं मदतनीस हवी होती. ती पाटी त्यांनी स्वतः वाचली होती. "मला तिथं काम पाहिजे वसुधा," त्या म्हणाल्या. "पोरं कुठलीही असली तरी रडतात एकाच भाषेत. ते मला येतं. पण हे नाही जमलं, तर दिवाळीला मी नागपूरला चालली. कायमची. दुसऱ्याच्या घरात शोभेचं झाड होऊन मला नाही राहायचं. प्रसादला सांगितलं नाही अजून. तूही बोलू नको."

मी काय बोलणार? कामाला लागले. झोपायची वेळ, हात धुवायची वेळ, ढकलायचं नाही, चावायचं नाही, आईला फोन करून ताप आल्याचं सांगायचं. मी चावरं पोर व्हायचे आणि मावशी मला समजवायच्या. यूसुफ रडणारं बाळ व्हायचा, आणि तो इतकं खरं रडायचा की एकदा लायब्ररीचे लोक चौकशी करून गेले. महिन्याभरात मावशी तयार झाल्या. पाळणाघराच्या बाईंनी, कॅरलनं, त्यांना एका सकाळी मुलांसोबत बसून बघायला बोलावलं.

मीच गाडीतून घेऊन गेले आणि नियमाप्रमाणे बाहेर थांबले. काचेतून दिसत होतं. दाराशी एक गुबगुबीत पोरगं आईसाठी हंबरडा फोडत होतं. मावशी त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या, पदराची घडी घालून उंदीर केला आणि तो आपल्याच हातावरून पळवला. पोरगं गप्प. थोड्या वेळानं सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमला, प्रत्येकाला उंदीर हवा होता. कॅरल हसत होती. मी स्टिअरिंगवर ताल धरला.

मावशी हसतमुखानं बाहेर आल्या. "कामाचं विचारलं का?" मी म्हटलं. "विचारलं ना. सोमवारपासून येता का म्हणाली." "अरे वा! मग?" "मंग काय, बोलावते आता," असं म्हणून त्यांनी समाधानानं सीटबेल्ट लावला. मीही गाडी सुरू केली आणि वाटेत दोघींनी आइस्क्रीम खाल्लं.

सोमवार आला आणि गेला. फोन नाही. मंगळवार, बुधवार, नाहीच. गुरुवारी मावशी टेबलापाशी आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. "लबाड निघाली ती बाई," त्या म्हणाल्या. "गोड बोलली आणि विसरली."

मला काही उमजेना. "मावशी, त्यांनी येता का म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नको म्हटलं."

"नको?" मी किंचाळले.

"अगं, हसत म्हटलं! म्हटलं, नाही नाही, मी म्हातारी, तुम्ही एखादी तरुण मुलगी पाहा. एकदा विचारल्याबरोबर हो म्हणायचं का? काय वाटेल त्यांना? टपूनच बसली होती म्हणतील!"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"ओके म्हणाली," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी दारात उभी होती ना थोडा वेळ. बूट घालायला मुद्दाम उशीर लावला. म्हटलं, आता विचारंल. अगं, तिनं मला दुसऱ्यांदा विचारलंच नाही!"

मी कपाळाला हात लावला. डॉना माझ्याकडे बघत होती, म्हणून तिला सगळं इंग्रजीत सांगितलं. तिला अक्षर कळलं नाही. "तिला नोकरी हवी होती," ती म्हणाली. "आणि तिनं नको म्हणून सांगितलं. का?"

उत्तर माझ्याकडून आलं नाही. मिचिको, जी कधी आपणहून तोंड उघडत नसे, ती हळूच म्हणाली, "जपानमध्ये दोनदा नको. तिसऱ्यांदा हो."

यूसुफनं टेबलावर मूठ आपटली. "बगदादमध्येसुद्धा! पहिल्यांदा हो म्हणतो तो भुक्कड!"

डॉनाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तिनं एकदा समोरच्या भरल्या ताटलीकडे बघितलं, एकदा टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे. मग दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं... या कुकीज तुम्हाला हव्या होत्या?"

सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. यूसुफ म्हणाला, "वास फार छान येतो."

"मला वाटायचं माझ्या कुकीज वाईट होतात!" डॉना ओरडली. "मी रेसिपी बदलली! लोणी वाढवलं! दर गुरुवारी रात्री घरी बसून त्या सगळ्या मी एकटी खाते, माझा डॉक्टर मला ओरडतो!"

त्या दिवशी आम्ही दुसरं काहीही शिकवलं नाही. डॉना ताटली घेऊन फिरली. घेणार? लगेच हो म्हणायचं आणि उचलायची. यूसुफला पहिल्या खेपेला जमलं. मिचिको लाल झाली, पण तिनं घेतली. मावशींपुढे ताटली आली की त्यांचा उजवा हात आपोआप वर यायचा, तळवा पुढे, पंगतीत वाढप्याला थोपवतात तसा. हात वर आला की डॉना ताटली फिरवून चालू लागायची. "अगं, थांब ना बापा!" मावशी मराठीत ओरडायच्या. डॉना थांबायची नाही. मी म्हटलं, "मावशी, समजा तुम्ही पुण्यात आला आहात." तेव्हा कुठे त्यांना गांभीर्य कळलं.

तेवढ्यात प्रसाद त्यांना घ्यायला आला. त्याला सगळं सांगितलं. "अरे यार, आई!" तो म्हणाला. "डोन्ट वरी, मी कॉल करतो ना कॅरलला. कल्चरल मिसअंडरस्टँडिंग झालं म्हणून एक्सप्लेन करतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"तू बोलला तं नोकरी तुलाच देतील," मावशी म्हणाल्या. "मीच बोलते."

पाळणाघर बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. डॉनाच्या ऑफिसातल्या फोनचा स्पीकर लावला. मावशी खुर्चीत ताठ बसल्या, आम्ही सगळे दाराशी. मला वाटत होतं, फोन हिसकावून घ्यावा आणि त्या कॅरलला चार वाक्यांत समजावून सांगावं. डॉनानं माझा दंड धरून ठेवला होता.

"हॅलो, मिस कॅरल. मी शकुंतला देशमुख. मी तुम्हाला नको म्हटलं होतं." त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण आवाज बालवाडीच्या बाईंचा होता. "ते नागपूरचं नको होतं. आमच्याकडे पहिलं नको म्हणजे फक्त मॅनर्स. खरं उत्तर नंतर येते. तुम्ही थांबल्या नाही." मग त्यांनी श्वास घेतला. "प्लीज, मला अजून एकदा विचारा."

प्रसादनं डोळे मिटून घेतले. दिवाळी, नागपूर, कायमचं, हे फक्त मला ठाऊक होतं.

"उद्या दुसरी एक मुलगी मुलाखतीला येणार आहे," कॅरल म्हणाली. मावशींचे खांदे खाली आले. "पण इथं सगळी मुलं उंदीर मागताहेत, आणि मला तो करता येत नाही. शकुंतला, तुम्ही आमच्याकडे काम कराल का?"

आणि देवा रे! मावशींचा उजवा हात उठला. तळवा पुढे. तोंड 'नो'साठी उघडलं. डॉना पुढे झेपावली आणि त्या हातात तिनं अख्खी ताटली ठेवली.

मावशींनी ताटलीकडे पाहिलं. "येस," त्या म्हणाल्या. "येस, प्लीज. मंडे."

दाराशी एकच गलका झाला. यूसुफनं प्रसादला मिठी मारली, त्या दोघांची ओळखही नव्हती. मी रडत होते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. फोन ठेवल्यावर मावशींनी एक कुकी उचलली, चावली आणि म्हणाल्या, "लोणी जास्त आहे."

त्या दिवाळीला मावशी नागपूरला गेल्या नाहीत. रजा मिळाली नाही, असं त्या तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटेल त्याला रुबाबात सांगत होत्या. प्रसादला खरी गोष्ट माहीत होती की नाही, देव जाणे. सांगू नको म्हणाल्या होत्या, मी सांगितलं नाही. आता छापूनच आलं तर माझा नाइलाज आहे.

आता राहिलं २००८. डॉनानं दुसऱ्यांदा निवृत्त व्हायचं ठरवलं. तोवर आमची ग्रीन कार्डं आली होती, मला पगार घेता येत होता, आणि डॉनाची जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी श्रीकांतला ताटलीत पोळी वाढता वाढता कपाटातली पुस्तकं कशी लावायची ते सांगत असे. शेवटच्या आधीच्या गुरुवारी सगळे गेल्यावर टेबलापाशी आम्ही तिघी उरलो. मावशी काम संपवून गप्पांना येतच असत, जुन्या विद्यार्थिनीच्या तोऱ्यात. डॉना म्हणाली, "वासू, लायब्ररीनं मला नाव विचारलं आहे. माझ्यानंतर तू हे चालवशील का?"

आणि मी, सदाशिव पेठेची, एका शब्दाला एक उत्तर देणारी, म्हणाले, "छे छे डॉना! मी कुठली? माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल तुला."

माझाच आवाज माझ्या कानावर आला. गेलं! आता ती ओके म्हणणार. या देशात एकदाच विचारतात, हे इतकी वर्षं मीच तर सगळ्यांना सांगत आले होते. मावशींकडे पाहिलं, तर त्या निवांत कुकी खात होत्या.

डॉना ओके म्हणाली नाही. तिनं उचललेली पर्स खाली ठेवली. खुर्ची माझ्याकडे ओढली, बसली, आणि बसच्या त्या आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाली, "वासू, हे तू चालवावंस असं मला फार वाटतं. चालवशील?"

अमेरिकेत आल्यापासून मला कोणी काही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मला ते हवं होतं हेही मला तोवर कळलं नव्हतं. उत्तर देताना आधी नुसती मानच हलली, म्हणून परत मोठ्यानं म्हटलं, "हो. हो, चालवेन."

डॉनानं डोळे पुसले. मावशींनी हातावरचा चुरा झटकला आणि तिला कळू नये म्हणून मराठीत मला म्हणाल्या, "दुसऱ्यांदाच हो म्हणाली? अगं, तिसऱ्यांदा तरी विचारू द्यायचं होतं तिला! तुम्हा पुण्याच्या लोकांना बापा काही धीरच नाही."